टकटक न करणारा रिले

गोदाघाटावरच्या श्रोत्यांना संतसाहित्य आणि राजकारण ऐकायची सवय. आज मात्र तुम्ही एका रिलेवाल्याला उभं केलंत! समोर सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली बरीच मंडळी दिसताहेत, म्हणून धीर आला.

घरातला स्टॅबिलायझर मधूनच 'टक्' करतो, तो आतला रिले. विद्युतचुंबक पत्री ओढतो, कॉन्टॅक्ट टेकतात. कारखान्यातला त्याचा थोरला भाऊ म्हणजे कॉन्टॅक्टर. आता प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन घ्या. बॅरलवर बँड हीटर असतात आणि तापमान नेमकं राखायला कंट्रोलर ते सतत चालू-बंद करतो. दर दहा सेकंदांनी एकदा धरलं तरी दिवसाला 8,640 वेळा. दहा लाख वेळा ठिणगी सोसणारा कॉन्टॅक्टरही चार महिन्यांच्या आत थकणार. म्हणून तिथे सॉलिड स्टेट रिले आला, आपल्या भाषेत एसएसआर. त्यात हलणारं काहीच नाही. आत एक बारीक एलईडी पेटतो, समोरचा प्रकाशसंवेदी भाग तो उजेड टिपतो आणि पलीकडचा थायरिस्टर किंवा ट्रायक वाट मोकळी करतो. कंट्रोलरची बाजू आणि 230 व्होल्टची बाजू यांच्यात तारेचा संबंध नाही, फक्त उजेडाचा. काही जुन्या घडणीत उजेडाऐवजी छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा रीड स्विच असे. ते आता क्वचित दिसतात.

दुकानात मात्र आपण नुसतं 'पंचवीस अँपिअरचा एसएसआर द्या' म्हणतो आणि फसतो. विचारायला हवं ते हे, की लोड कसला आहे?

कालिकेच्या यात्रेतला आकाशपाळणा आठवा. पाळणा खाली आला की पाय ठेवायचा. आपला 50 हर्ट्झचा विजेचा दाब तसाच सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. झीरो-क्रॉसिंग एसएसआर आदेश मिळाला तरी त्या शून्याची वाट बघतो आणि तिथेच चालू होतो. हीटरला झटका नाही, शेजारच्या यंत्रांना खरखर नाही. हीटरसाठी हाच घ्यावा. ट्रान्सफॉर्मरला मात्र नेमका हाच घातक. दाब शून्य असताना तो चालू केला की गाभा चुंबकीयदृष्ट्या तुडुंब भरू शकतो आणि पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढला जातो. त्याला दाब शिखरावर असताना चालू करणारा प्रकार लागतो. रँडम प्रकार वाट बघत नाही. आदेश आला की तत्क्षणी चालू. प्रत्येक लाटेचा हवा तेवढाच तुकडा सोडायचा असेल तर तोच लागतो. पंख्याचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर याच युक्तीवर चालतात, म्हणून कमी वेगाला तो पंखा गुणगुणतो.

द्राक्षबागेत सोलरच्या डीसी लाइनवर एकाने एसीचा एसएसआर बसवला होता. चालू झाला, पण बंद होईना. होणार कसा? ट्रायक सुटायला करंट शून्यावर यावा लागतो आणि डीसीत तो येतच नाही. तिथे मॉस्फेटचा एसएसआर हवा.

आता उष्णता. चालू असताना एसएसआरवर साधारण सव्वा व्होल्ट अडकून राहतो. 25 अँपिअरला झाले तीसेक वॉट, म्हणजे पॅनेलमध्ये दिवसभर एक सोल्डरिंग आयर्न चालू! वर छापलेले 25 अँपिअर चांगल्या हीट सिंकवरचे, थर्मल पेस्ट नीट लावलेली असतानाचे. मे महिन्यातल्या नाशकात, पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पॅनेलमध्ये तेवढे मागू नयेत. मी निम्म्यावर चालवतो. मला भित्रा म्हणा हवं तर.

एका मोल्डिंग शॉपमधली गोष्ट सांगतो. इलेक्ट्रिशियनने हीटरची तार काढली, एसएसआर बंद ठेवला आणि टेस्टर लावला. टेस्टर पेटला! त्याने एसएसआर 'उडाला' म्हणून फेकला, दुसरा बसवला, तरीही टेस्टर पेटला. दोन्ही एसएसआर चांगले होते. बंद एसएसआरमधूनही काही मिलिअँपिअर झिरपतात आणि टेस्टरला तेवढे पुरतात. म्हणून एसएसआर बंद आहे या भरवशावर वायरीला हात लावायचा नाही; एमसीबी पाडायचा.

त्याच शॉपमध्ये पुढे एक एसएसआर खरंच गेला. बल्ब जातो तो विझून. एसएसआर बहुधा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे कायमचा चालू. कंट्रोलर आउटपुट शून्य दाखवत होता आणि तापमानाचा आकडा 240, 250, 260 असा चढत होता. जुना कॉन्टॅक्टर चिकटला की निदान टकटक थांबलेली कानाला कळायची. इथे जळक्या प्लास्टिकचा वास आला तेव्हा कळलं.

मग आम्ही अडगळीतला कॉन्टॅक्टर काढला, एसएसआरच्या आधी बसवला आणि वेगळ्या थर्मोकपलवरच्या अलार्मला जोडला. मर्यादा ओलांडली की तो सुटणार. एरवी त्याला काम नाही. सकाळी पहिली पाळी आली की शॉपमध्ये एकदाच मोठ्याने 'खट्' असा आवाज होतो, आणि मग दिवसभर शांत.