वस्तीचा जीर्णोद्धार
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत देवळाचा जीर्णोद्धार कसा झाला हें सांगण्याची रीत आहे. आज आम्ही देवळाभोंवतालच्या वस्तीच्या जीर्णोद्धाराविषयीं चार शब्द बोलणार आहों. उदाहरण दूरचें, अमेरिकेंतील बोस्टन शहराचें घेतलें आहे. आपल्या मानानें तें शहर फार मोठें नव्हे. २०२० च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या पावणेसात लक्ष भरली; आपल्या वसई-विरारची २०११ सालींच बारा लक्षांवर गेली होती. तेथील रॉक्सबरी भागांत डडली स्ट्रीट नांवाचा रस्ता असून त्यावर सेंट पॅट्रिकचें देऊळ आहे. केप व्हर्डे बेटांतून आलेलीं पुष्कळ कॅथॉलिक कुटुंबें त्या देवळाच्या आसऱ्यानें वसलीं. तीं बेटें १९७५ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतीं. वसईवरील पोर्तुगीज अंमल १७३९ सालीं संपला, हें आपण जाणतांच. तेव्हां हे लोक आपणांस अगदींच परके नाहींत.

या वस्तीची दुर्दशा माणसांनींच केली. १९५० नंतर सुस्थितींतील गोरीं कुटुंबें उपनगरांत निघून गेलीं. मागें राहिलेल्या व नव्यानें आलेल्या कृष्णवर्णीय लोकांस घरासाठीं कर्ज देतांना पेढ्यांनीं हात आंखडला. कर्ज नाहीं म्हणून डागडुजी नाहीं, आणि डागडुजी नाहीं म्हणून चांगला भाडेकरू नाहीं. भाड्यापेक्षां विम्याचे पैसे बरे, असें पाहून कांहीं घरमालकांनीं आपल्याच घरांस आगी लावविल्या. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें सुमारें १,३०० भूखंड ओसाड पडले होते. बाहेरचे ट्रक येऊन त्यांवर कचरा ओतून जात.

१९८४ सालीं रायली फौंडेशन या धर्मादाय निधीच्या विश्वस्तांनीं ही वस्ती पाहिली व मदत करण्याचें ठरविलें. संस्थांच्या चालकांनीं एक मंडळ योजिलें आणि १९८५ सालीं सेंट पॅट्रिकच्या देवळांत सभा बोलावून योजना लोकांपुढें ठेवली. नियोजित मंडळांत रहिवाशांस थोड्याच जागा होत्या. तेव्हां लोकांनीं उठून विचारलें कीं, तुम्हां मंडळींपैकीं या वस्तींत राहणारे किती? उत्तर समाधानकारक नव्हतें. पण योजना मांडणारांनीं मानापमान धरला नाहीं, हें विशेष. त्यांनीं घटना पुन्हां लिहिली. मंडळांत रहिवाशांचें बहुमत असावें. कृष्णवर्णीय, केप व्हर्डियन, स्पॅनिश-भाषी व गोरे या चारही समाजांस, त्यांची संख्या कमीअधिक असली तरी, सारख्याच जागा असाव्यात, असें ठरलें. इंग्रजी न समजणारांसाठीं सभांतून दुभाषे बसूं लागले.

मंडळानें पहिलें काम हातीं घेतलें तें कचऱ्याचें. १९८६ सालीं लोकांनीं मोहीम काढली आणि कचऱ्याचे बेकायदेशीर अड्डे नगरपालिकेकडून बंद करविले. काम साधें होतें. परंतु आपण मागितलें असतां मिळतें, हा विश्वास त्या लोकांस कित्येक वर्षांनीं प्रथमच आला. मग १९८७ सालीं त्यांनीं वस्तीचा आराखडा स्वतः बसून तयार केला व शहरानें तो मान्य केला.

अडचण जमिनीची होती. शहराच्या व खाजगी मालकांच्या पडीक जागा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एकमेकींत मिसळलेल्या. कोणी मालक सांपडत नसे, कोणी भाव वाढण्याची वाट पाही. सलग घरें बांधणें अशक्य होतें. अखेर १९८८ सालीं अशी पडीक खाजगी जमीन योग्य मोबदला देऊन सक्तीनें घेण्याचा अधिकार शहरानें या मंडळास दिला. रहिवाशांच्या संघास असा अधिकार मिळाल्याचें अमेरिकेंतील हें पहिलेंच उदाहरण. त्यास पाठिंबा देणारे नगराध्यक्ष रेमंड फ्लिन हे पुढें १९९३ सालीं व्हॅटिकनमध्यें अमेरिकेचे राजदूत झाले.

आतां खरी मेख ऐका. वस्ती सुधारली कीं भाव वाढतात; आणि ज्यांनीं घाम गाळून ती सुधारली त्यांच्याच मुलांस तेथें खोली घेणें परवडत नाहीं. हें संकट ओळखून त्यांनीं जमिनीचें विश्वस्तमंडळ स्थापिलें. जमीन मंडळाची राहते. कुटुंबास घराची मालकी व जमिनीचा ९९ वर्षांचा पट्टा मिळतो. घर विकतांना ठरलेल्या मर्यादेपलीकडे नफा घेतां येत नाहीं, म्हणून पुढील गरजू कुटुंबासही तें परवडतें. अशा जमिनीवर सुमारें २२५ घरें उभीं राहिलीं. २००८ च्या सुमारास अमेरिकेंत कर्जें थकून लक्षावधि घरें जप्त झालीं, तेव्हां यांपैकीं अगदींच थोडीं गेलीं. विश्वस्तमंडळाबाहेरील जागांचे भाव मात्र चढले, आणि दारिद्र्य समूळ गेलें असेंही नाहीं. जेवढी जमीन हातीं राहिली, तेवढाच आधार उरला.

बंधुभगिनींनो, हें ऐकतांना आपल्या वाड्या आपणांस आठवल्याच असतील. एकेका वाडीचे तुकडे विकले गेले, बावखलें बुजलीं, इमारती उठल्या. आणि आज आपलीं मुलें लग्न ठरतांच दूर कोठें खोली मिळेल तें पाहतात. भावांनीं वांटणी मागावी व दलालानें दारांत उभें राहावें, हा प्रसंग कोणत्या आळीवर आला नाहीं? याबद्दल विकणाऱ्यास दोष देणें सोपें आहे. पण आजारपण किंवा मुलीचें शिक्षण समोर उभें असतां त्याला दुसरी वाट कोणी दाखविली? आपल्या वडीलधाऱ्यांना अशी वाट काढणें माहीत होतें. मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनीं १९१८ सालीं कॅथॉलिक पतपेढी काढली, तेव्हां शेजाऱ्यांच्या थोड्या थोड्या पैशांतून शेजाऱ्यांचीच नड भागूं लागली. पैशाच्या बाबतींत जें साधलें, तें जमिनीच्या बाबतींत साधावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

म्हणून महोत्सवाच्या वर्षांत दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक आळीनें आपल्या पडीक जागा, विहिरी व उरलेलीं बावखलें यांची यादी करावी. आणि जमीन विकण्याची पाळी आलेल्या घरानें प्रथम आळीला विचारावें, व आळीनें तीस रिकाम्या हातीं परत पाठवूं नये. या कामाच्या बैठकींत कुपारी, वाडवळ, कोळी, आदिवासी आणि इमारतींत नव्यानें आलेले शेजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, या सर्वांस सारखी जागा असावी. देवळाची घंटा ऐकूं जाते तेथवर राहणारा प्रत्येक जण या वस्तीचा आहे. परमेश्वर या कार्यास यश देवो.