घरच्या ध्वनिमुद्रणावर अखेरचा हात



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीच्या ओव्या, काकांची भजने, मुलाबाळांची भावगीते हल्ली संगणकावर मुद्रित होत असतात. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीसाठी घेतले गेले, तेव्हा कर्ण्यापुढे बसून जेमतेम तीन मिनिटांत राग आटोपावा लागे, आणि मेणावर एकदा उमटलेली रेघ दुरुस्त करता येत नसे. आज दुरुस्तीला अंतच उरलेला नाही. म्हणूनच अखेरचा हात कुठवर फिरवावा, याचा विचार अगत्याने करावयास हवा.

नको असलेले आधी काढावे. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला 50. तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांची गुणगुण बरीचशी खालच्या पट्ट्यात वावरते. 80 आवर्तनांखालचा ध्वनी गाळला, तर स्त्रीच्या आवाजाचे सहसा काही बिघडत नाही. मात्र काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज 70 च्या आसपास असतो. तेथे हीच गाळणी लावली की तानपुऱ्याचा पायाच निखळतो!

मग येतो घुमारा. सदनिकेतील खोलीत गायिलेले गाणे कोरडे वाटते, म्हणून सभागृहाचा किंवा देवळाचा भास निर्माण करणारी सोय सढळ हाताने वापरली जाते, आणि ओवीतील शब्द बुडतात. तो घुमारा मूळ स्वरानंतर सेकंदाच्या 20-30 सहस्रांशांनी सुरू केला, तर शब्द आधी स्पष्ट उमटतो आणि मागे अवकाशही भासतो. बंद केल्यावरच ज्याची उणीव जाणवावी, इतकाच घुमारा मला योग्य वाटतो.

खरा धोका सुरांच्या दुरुस्तीत आहे. भूगर्भातील तेलाच्या शोधासाठी ध्वनिलहरींवर काम केलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांनी 1997 साली ‘ऑटो-ट्यून’ बाजारात आणले. अशी साधने सर्वसाधारणपणे स्वर जवळच्या अर्धस्वराकडे ओढतात. एका सप्तकात ठरलेल्या बारा जागा, मधे काही नाही. दरबारीचा गांधार मात्र आंदोलित. त्याला एका जागी खिळवले की दरबारी उरत नाही. मींड म्हणजे तर दोन स्वरांमधला प्रवास. यंत्र त्याच्या पायऱ्या करून टाकते. जात्यावरची ओवी म्हणणाऱ्या वृद्धेचा सूरही दळण्याच्या लयीबरोबर किंचित चढतो-उतरतो. तो सरळ केला, तर नातवंडांच्या हाती गाणे येईल, आजी येणार नाही. ओळीच्या शेवटी तिचा श्वास संपून अक्षर हळू झाले असेल, तर तेवढ्यापुरता आवाज दोन-तीन डेसिबलने हाताने वाढवावा. सबंध गाणे दाबून एकाच पातळीवर आणू नये.

हे सारे प्रतीवर करावे. मूळ मुद्रण न छेडता वेगळे जपून ठेवावे व त्याच्या नावात गाणारीचे नाव, गाव आणि साल लिहावे. संस्कार केलेली प्रत दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी, लहानशा ध्वनिवर्धकावर अगदी हळू लावून ऐकावी. शब्द कळले तर हात थांबवावा. आणि प्रारंभीची ‘म्हणू का गं आता?’ ही पृच्छा आवाज जुळवण्याच्या भरात कापली गेली असेल, तर ती परत जोडावी.