संथ पाण्याची वाट

शहरात राहणाऱ्या माणसास दोन दिवसांची सुटी मिळाली, म्हणजे तो प्रथम घराबाहेर पडण्याचा बेत करतो; आणि इच्छित स्थळी जाऊन पोहोचला, म्हणजे त्यास असे आढळून येते, की हाच बेत करून आणखी पाचशे माणसे तेथे आधीच येऊन बसली आहेत. गडावर गर्दी, घाटात गर्दी, आणि धबधब्याखाली तर उभे राहावयासही जागा नाही. जेथे मोटार जात नाही अशी एखादी वाट उरली आहे की काय, असा प्रश्न अशा वेळी मनात येतो. त्याचे एक उत्तर पुष्कळांच्या गावाजवळूनच वाहत असते. ते म्हणजे नदी. लहानशा होडग्यातून करावयाचा नदीप्रवास, आणि विशेषेकरून त्या प्रवासाची वाट आधी कशी निवडावी, ह्याविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे. उदाहरणासाठी मी शिराळ्याकडील वारणा नदी घेतो. कारण ह्या विषयातील माझे थोडेफार शिक्षण तिनेच केले आहे, आणि तेही जरा कान उपटून.

प्रथम ह्या होडग्याविषयी. इंग्रजीत ज्यास कनू म्हणतात, ते दोन्ही टोकांस निमुळते, वजनाने हलके आणि एका-दोघांनी सुट्या वल्ह्यांनी चालवावयाचे असते. हा शब्द मूळचा वेस्ट इंडीज बेटांतील रहिवाशांचा. कोलंबसाच्या सफरींनंतर तो युरोपातील भाषांत आला. उत्तर अमेरिकेतील आदिवासी लोक भूर्ज जातीच्या झाडाची साल लाकडी सांगाड्यावर बसवून अशी होडगी करीत. त्यांचा मोठा गुण असा, की पाणी संपले अथवा खडक आडवे आले, म्हणजे होडगे खांद्यावर घ्यावे आणि पुढच्या पाण्यात नेऊन सोडावे. लंडनचे वकील जॉन मॅक्ग्रेगर ह्यांनी १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाच्या होडग्यातून युरोपातील नद्यांचा प्रवास केला, आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध होताच ह्या छंदाचा तिकडे बराच प्रसार झाला. पुढे कादंबरीकार स्टीव्हन्सन हेही १८७६ साली बेल्जम व फ्रान्समधील कालव्यांतून व नद्यांतून असेच हिंडून आले.

आपणांस हा प्रकार अगदीच परका आहे असे मात्र नव्हे. दोन वाळके भोपळे किंवा दोन डोण्या एकमेकींस बांधून जे तरते साधन करीत, त्याचे नाव सांगड. दोन विचारांची सांगड घालावी असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत नदीच उतरत असतो! कृष्णा-पंचगंगेच्या मुलखात गूळ शिजविण्याची मोठी काहीलसुद्धा पाण्यात लोटून तीतून पैलतीर गाठणारे शेतकरी आहेत. तेव्हा होडगे नवे असले, तरी काठच्या माणसाचे पाण्याविषयीचे ज्ञान जुने आहे. आणि आपल्या प्रवासात हे ज्ञानच होडग्याहून अधिक उपयोगी पडते.

आता वारणा. ही नदी सह्याद्रीच्या माथ्यावर पाथरपुंजच्या परिसरात उगम पावते. तेथे काही वर्षी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला आहे. शिराळ्यास त्याचा लहानसा अंशच येतो. चांदोली येथे धरण बांधून ही नदी अडविली असून त्या जलाशयास वसंतसागर असे नाव आहे. त्याची साठवणशक्ती ३४.४० अब्ज घनफूट आहे. धरणाखाली नदी आरळा, चरण, कोकरूड ह्या गावांजवळून पूर्वेकडे येते. डाव्या हातास सांगली जिल्हा आणि उजव्या हातास कोल्हापूर जिल्हा, अशी ती बरीच वाट दोहोंची सीमा होऊन चालते. शिराळ्याहून येणारी मोरणा तीस मिळते, आणि अखेरीस नाटककार देवलांच्या हरिपुरास ती कृष्णेत विलीन होते.

पावसाळ्यात ह्या नदीवर होडगे घालण्याचा विचारही मनात आणू नये. डोंगरात पाऊस पडतो, धरणाचे दरवाजे उघडतात, आणि शिराळ्यास ऊन पडले असताही नदी काठाबाहेर जाते. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या सालांचे महापूर सांगली जिल्ह्यातील घराघरास ठाऊक आहेत. आपला काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. पाऊस सरला, म्हणजे ह्या नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालतात. दगडी खांबांमध्ये खाचा ठेवलेल्या असतात. त्यांत फळ्या अथवा लोखंडी पत्रे एकावर एक बसवून पाणी अडवावयाचे, आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यावयाचे, अशी ही योजना. उसाच्या मळ्यांसाठी केलेली ही सोय होडगेवाल्याच्याही पथ्यावर पडते. एका बंधाऱ्यापासून वरच्या बाजूस कित्येक किलोमीटर पाणी डोहासारखे संथ होऊन राहते, आणि नवशिक्यासही वल्हे चालविता येते. परंतु हाच बंधारा त्याचा सर्वांत मोठा वैरीही होतो. ते कसे, हे मला एका हिवाळ्यात कळले.

मी आणि माझा एक स्नेही, दोघांनी नकाशा पसरून वाट मोजली होती. सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. दोऱ्याने नदीची वळणे मोजली आणि आपण मोठे विचारी पुरुष आहोत असे समजून निघालो. सकाळचे धुके होते. पाणी आरशासारखे पडले होते. थोड्या वेळाने पुढून बारीक घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. काठावर पाण्याचे पंप असतातच; त्यांपैकीच एखादा असेल, असे आम्ही ठरविले. पुढे पाणी एका सरळ रेषेत संपल्यासारखे दिसत होते, आणि ते धुक्यामुळे तसे दिसते, असेही आम्हीच ठरविले. इतक्यात काठावर जाळे आवरीत बसलेला एक वृद्ध कोळी उठून उभा राहिला आणि ओरडला, “पावणं, काठ धरा! म्होरं बंधारा हाय!”

आम्ही जीव खाऊन वल्ही मारली आणि काठचे करंज धरले. बरग्यांवरून पाणी वाहत होते. वरून पाहता ते हातभर उंचीचेही वाटेना. परंतु खाली जाऊन पाहिले, तेव्हा अंगावर काटा आला. पडलेले पाणी खाली जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच उलटे फिरत होते, आणि त्यात सापडलेला बाभळीचा एक ओंडका वर येई, खाली जाई, पुन्हा वर येई. पण काही केल्या पुढे सरकत नसे. त्या ओंडक्याच्या जागी आम्ही दोघे असतो. त्या वृद्धाने आमच्याकडे नीट पाहून घेतले आणि तो एवढेच म्हणाला, “वरच्या गावात इचारलं असतं, तर काय जीभ झिजली असती?” ह्या प्रश्नास मजपाशी तेव्हाही उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे. नकाशा अवश्य पाहावा. हल्ली उपग्रहाने घेतलेली चित्रेही घरबसल्या पाहावयास मिळतात, त्यांत बंधाऱ्याची रेघ स्पष्ट दिसते. परंतु ज्या पाण्यावरून जावयाचे, त्याचा काठ एकदा पायांनी चालून आल्याखेरीज होडगे पाण्यात घालू नये. बंधारा कोठे आहे, त्याच्या वर काठास लागावयाची सुरक्षित जागा कोठे, होडगे उचलून कोणत्या बाजूने न्यावयाचे, मध्येच थांबावे लागले तर रस्ता कोठून जवळ पडतो, ह्याची टिपणे करावी. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत त्या आठवड्यात पाणी सोडावयाचे आहे किंवा काय, ह्याची चौकशी करावी. कारण धरणाच्या पायथ्याशी वीजगृह आहे, आणि सकाळची पातळी संध्याकाळी राहीलच असे नाही. संथ पाण्यावर दोघे जण ताशी तीन-चार किलोमीटर जातात. परंतु विसावा, जेवण आणि होडगे वाहून नेणे ह्यांचा हिशेब धरता दिवसाला दहा-बारा किलोमीटरांहून अधिक बेत आखू नये. ज्यास अधिक घाई असेल, त्याने एस. टी. ने जावे.

तरंगण्याचे जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवे. होडग्यात ठेवलेले जाकीट आणि घरी ठेवलेले जाकीट ह्यांत बुडणाऱ्यास फरक वाटत नाही. होडग्यात माणसे किती बसवावयाची, ह्याचीही मर्यादा कडकपणे पाळावी. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांस घेऊन येणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ती माणसे संकटात होती. त्यांस मोजदाद करावयास अवसर नव्हता. हौसेने जाणाऱ्यास तो असतो, म्हणून त्यास क्षमाही नाही.

आणखी एका रहिवाशाची दखल घेतली पाहिजे. कृष्णेत आणि वारणेत मगरी आहेत. हिवाळ्यातील सकाळी त्या मळईवर ऊन खात पडतात. उन्हाळ्याच्या सुमारास मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि त्या जागेची राखण करते. काठावर चिखलात घसरल्यासारखी गुळगुळीत वाट दिसली, तर तेथे उतरू नये. पाण्यात हात सोडून बसू नये, आणि दिवेलागणीपूर्वी काठास लागावे. मगर पाहावयास मिळाली, म्हणून जवळ जाण्याचा मोह आवरावा. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेली आहे, हे एक कारण. आणि ती आपल्या घरी आहे व आपण पाहुणे आहोत, हे दुसरे. शिराळ्याच्या लोकांस हे निराळे सांगावयास नको. ज्या गावाने नागास पिढ्यान्‌पिढ्या देव मानले, त्या गावासही जिवंत नागाच्या खेळास कायद्याने व न्यायालयाने घातलेली बंधने सोसावी लागली आहेत. ज्यास आपण पूज्य मानतो, त्यापासून दूर राहणे हीही पूजाच आहे, हे समजावयास काळ लागतो.

आता आपणांपैकी कोणी म्हणेल, की हे बंधारे, हे पंप, हे उसाचे मळे कशाला? खरी शांतता वर वसंतसागरावर आहे. तेथेच होडगे का घालू नये? मोह मलाही झाला होता. दोन्ही बाजूंस दाट रान, आणि मध्ये मैलोगणती पाणी! परंतु हे चांदोलीचे रान १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथे आपल्या मर्जीने नाव घालता येत नाही. आणि ह्या शांततेचे मोलही एकदा लक्षात घ्यावे. धरणासाठी आणि पुढे रानासाठी झोळंबी, गोठणे ह्यांसारखी गावे आपली घरे, देवळे आणि शेते सोडून उठली. त्यांतील कित्येकांस पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. ह्याच खोऱ्यातील बिळाशीच्या लोकांनी १९३० साली परकीय सरकारच्या जंगल कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला होता. ज्या रानासाठी तेथील माणसांनी एवढे सोसले, त्यात आपण केवळ दोन दिवसांच्या हौसेखातर परवान्यावाचून शिरावे, हे मला तरी शोभत नाही असे वाटते.

ज्यांस रानालगतचे पाणी पाहावयाचेच असेल, त्यांनी सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागरावर जावे. बामणोलीहून तेथील लोकांच्या नावेतून, वनखात्याची परवानगी घेऊन, वासोट्याच्या पायथ्यास जाता येते. ते होडगे नव्हे, यांत्रिक नाव आहे. परंतु नाव चालविणाऱ्याशेजारी बसून प्रश्न विचारीत गेले, तर पाण्याचे पुष्कळ ज्ञान पदरात पडते. आणि ज्यांस स्वतःच वल्हे मारावयाचे आहे, त्यांनी प्रथम एखाद्या लहान जलाशयावर, संबंधित खात्याची परवानगी काढून, चार दिवस हात बसवावा. मग वारणेचा दोन बंधाऱ्यांमधला एकच टप्पा निवडावा. तेवढ्यात खंड्या दिसतो, पाणकावळे पंख वाळवीत बसलेले दिसतात, पैलतीरावर कोणी गुरे धूत असतो, आणि गुऱ्हाळ चालू असले तर उकळत्या रसाचा वास पाण्यावरून येतो. हे अरण्य नव्हे, हे खरे. परंतु तासभर वल्ह्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज कानी पडत नाही, आणि आपण शहरातून निघालो ते ह्याचसाठी.

निघण्यापूर्वी मात्र वरच्या गावात उतरावे, पाणवठ्यावर कोणी असेल त्यास रामराम घालावा, आणि पुढे पाणी कसे आहे ते विचारावे. तेवढ्याने जीभ झिजत नाही.