हॉट रॉडचा क्लच दगा का देतो?



संयोजकांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं बोल, विषय तुझा, फक्त एआय नको, बाकीचे त्यावरच बोलणार आहेत." म्हणून मी क्लचवर बोलणार आहे. हसू नका. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी माझी पदवी मेकॅनिकलची आहे, आणि गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी माझ्या हातात पाना असतो. आजोबांकडे १९३२ सालच्या फोर्डची हॉट रॉड आहे.

हॉट रॉड म्हणजे जुनी हलकी गाडी घ्यायची, मडगार्डं वगैरे काढून टाकायची आणि तिच्यात मूळपेक्षा दणकट इंजिन बसवायचं. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट मातीवर अशा गाड्या पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. ती आजही शर्यती भरवते. १९३२च्या फोर्डला या मंडळींत मान आहे, कारण त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट इंजिन आणलं.

त्या मूळ गाडीत क्लच लोखंडी सळ्या आणि तरफांनी चालायचा. आपल्या वडिलांच्या स्कूटरची क्लच वायर आठवा. तुटायची, पण कुठल्याही कोपऱ्यावरचा मेकॅनिक अर्ध्या तासात नवी घालून द्यायचा. हॉट रॉडमध्ये मात्र आज इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसरीचा आणि सांगाडा तिसरीचा असतो. सळी जिथून न्यायची तिथे नेमका सायलेन्सरचा पाइप किंवा स्टिअरिंगचा डबा येतो. म्हणून हल्ली बहुतेक जण हायड्रॉलिक क्लच बसवतात, कारण तेलाची नळी कशीही वळवून नेता येते.

तत्त्व आपल्याला शाळेतच शिकवलंय. सरांनी दोन सिरिंज नळीने जोडून दाखवल्या होत्या, पास्कलचा नियम. इथे पहिली सिरिंज म्हणजे पायडलला जोडलेला मास्टर सिलिंडर, आणि दुसरी म्हणजे क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. या स्लेव्हला दोन जागा आहेत. एक, बेल हाउसिंगच्या बाहेर, बोल्टने लावलेला. तो आतला फोर्क ढकलतो. दुसरी, बेल हाउसिंगच्या आत, गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टभोवती बांगडीसारखा. त्याच्या तोंडावरच रिलीज बेअरिंग असतं. आतला प्रकार सुटसुटीत, बाहेर काही अडत नाही, म्हणून हॉट रॉडवाल्यांचा लाडका. आणि सगळ्यात जास्त शिव्याही तोच खातो.

आजोबांच्या गाडीत हाच होता. दोन वर्षांत दोनदा गेला. दुसऱ्या वेळी त्यांचा नातू गाडी चालवत होता. सिग्नलला पहिला गिअर पडलेला, पायडल तळापर्यंत दाबलेलं, आणि तरी गाडी पुढे सरकायला लागली. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. पोराने ब्रेक दाबून इंजिन बंद पाडलं, म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले, आता तिसऱ्या कंपनीचं बेअरिंग आणतो, तेही गेलं तर गाडी विकून टाकतो. साठीत बांधायला घेतलेली गाडी, सत्तरीत रस्त्यावर आलेली. ते नुसतं बोलत नव्हते.

मी म्हटलं, आधी हिशोब करू. गिअरबॉक्स उतरवलाच होता. (हॉट रॉडमध्ये तो उतरवायचा म्हणजे गाडीतली जमीन उचकटा, प्रोपेलर शाफ्ट काढा, आडवा खांब सोडवा. घरच्या घरी अख्खा दिवस जातो.) बेअरिंगचं रबरी सील एका बाजूने कातरल्यासारखं फाटलेलं होतं. झिजलेलं नव्हतं. म्हणजे पिस्टन त्याच्या हद्दीबाहेर गेला होता.

का गेला? मास्टर सिलिंडर एक इंची होता. ब्रेकचाही एक इंची, दोन्ही शेजारी शेजारी जोडीने छान दिसतात म्हणून आजोबांनी तोच घेतलेला. बेअरिंगच्या माहितीपत्रकात पाऊण इंची लिहिलं होतं. कानाला फरक पाव इंचाचा वाटतो, पण तेल ढकललं जातं ते क्षेत्रफळाच्या हिशोबाने, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. एक इंची सिलिंडर त्याच पायडलने सुमारे ७८ टक्के जास्त तेल ढकलतो. जिथे बेअरिंग १२ मिलिमीटर सरकायला हवं, तिथे ते २१ मिलिमीटर सरकू पाहतं. आजोबा स्वतः चालवताना पायडल तळाला नेत नसत. गिअर पडतो तिथवरच दाबायचे, पायाला सवय झालेली. पहिल्यांदा बिघडलं तेव्हा कोण चालवत होतं विचारलं, तर जावई. सुटा भाग सदोष असता, तर त्याने चालक बघितला नसता.

अशा गाड्यांत आतल्या बेअरिंगची जी बदनामी आहे, तिच्यातली बरीचशी माझ्या मते या जातीची आहे. १९९८च्या शेवरले कॅमॅरोत कारखान्यातूनच आतला स्लेव्ह येत होता. तिथे पायडलपासून प्रेशर प्लेटपर्यंत प्रत्येक माप एकमेकांसाठी ठरवलेलं. हॉट रॉडमध्ये ते ठरवणारा माणूस म्हणजे मालक स्वतः. बेअरिंग आणि डायफ्राम स्प्रिंगची बोटं यांच्यातली फट घ्या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बेअरिंगना ती साधारण चार-पाच मिलिमीटर लागते. क्लच प्लेट झिजते तशी ही बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि फट कमी होते. सुरुवातीलाच कमी ठेवली, तर एक दिवस संपते, बेअरिंग स्प्रिंगला कायम रेटत राहतं आणि क्लच घसरायला लागतो. जास्त ठेवली, तर अर्धं पायडल फट भरण्यातच जातं.

ब्रेकमधून उचललेली आणखी एक गोष्ट फार नडते. पायाखाली, फ्रेमवर मास्टर सिलिंडर असला की ब्रेकच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह घालतात. तोच कुणी क्लचच्या नळीत घातला, तर क्लच कधीच पूर्ण बसत नाही. सीलला इंजिन ऑइलचं बोट लावायचं नाही, ब्रेक ऑइलसाठीचं रबर त्याने फुगतं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही अशी अट आहे, ओल्या तेलाला ती १४० अंशांवर येते. नळी एक्झॉस्टच्या पाइपाला खेटून नेलेली असेल, तर तेवढ्याने वाफ होऊन पायडल भुसभुशीत लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन आकडे विचारतो: किती वेळाने बंद पडतं, आणि बंद पडल्यावर चालू करायला किती वेळ लागतो. हॉट रॉडवाल्यांच्या गप्पा पहिल्याच आकड्यावर रंगतात. बाहेरचा स्लेव्ह गळायला लागला, तर रबरी टोपी ओली दिसते आणि दोन बोल्ट काढून तो बदलता येतो. आतला गळला, तर टाकीतलं तेल उतरल्यावर किंवा खाली थेंब पडल्यावर कळतं, आणि मग पुन्हा गिअरबॉक्स. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जागा असेल तिथे बाहेरचा लावावा, दिसायला कितीही ओबडधोबड असो.

आजोबांच्या गाडीत मात्र जागा नव्हती, एक्झॉस्ट आडवा येत होता. म्हणून बेअरिंग आधीच्याच कंपनीचं नवं आणलं, मास्टर पाऊण इंची केला आणि पायडलखाली लॉकनट असलेला एक बोल्ट लावला, म्हणजे कुणीही कितीही जोरात दाबलं तरी पायडल तिथेच थांबतं. फट तीन वेळा मोजली, दोनदा मी आणि एकदा नातवाने. पायडल इतकं हलकं झालं, की आजोबांना पहिल्यांदा वाटलं तेलच भरलं नाही.

त्यानंतर नातू ती गाडी एल मिराजला घेऊन गेला, शर्यत बघायला. आजोबा शेजारच्या सीटवर बसले होते, आणि वाटेभर त्यांचं लक्ष पोराच्या डाव्या पायाकडे होतं, असं तो मला सांगत होता.