अकरावी-बारावीतील नाट्याभ्यास : आलापल्लीच्या दृष्टीने एक विचार



दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलापुढे कला, वाणिज्य व विज्ञान या तीन वाटा उभ्या राहतात. नाटकाचे नाव त्या यादीत सहसा कोणी घेत नाही. ज्या जिल्ह्याने महाराष्ट्राला स्वतःची अशी एक रंगभूमी दिली, त्या गडचिरोलीतही हीच स्थिती असावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत तो चालतो. मंडईच्या निमित्ताने गावोगाव पाहुणे जमतात, मोकळ्या शेतात मंडप पडतो आणि रात्री चढलेले नाटक पहाटे उतरते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकमंडळ्यांचे केंद्र. दंडार व खडी गंमत या लोकप्रकारांच्या भूमीत ही रंगभूमी रुजली. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या परंपरेकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

आलापल्ली या प्रदेशाच्या दक्षिण टोकाला आहे. भामरागड, सिरोंचा, अहेरी आणि चंद्रपूरकडे जाणारे रस्ते येथे मिळतात. म्हणूनच येथील वर्गात मराठीबरोबर माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली अशा मातृभाषांची मुले एका बाकावर बसलेली दिसतात. मराठी त्यांना वाचता येते, लिहिता येते. परंतु चारचौघांत उभे राहून बोलण्याची वेळ आली की अनेकांची जीभ अडखळते. पुढे मुलाखतीत, महाविद्यालयात, शासकीय कचेरीत याच अडखळण्याची किंमत त्यांना मोजावी लागते. या विषयाचे खरे गांभीर्य येथे आहे. नाटकातील संवाद पाठ करताना, दुसऱ्याच्या वाक्याला वेळेवर उत्तर देताना आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवताना मुलाची भाषा मोकळी होते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. शरीर, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि अंतःकरणातील भाव या चारही अंगांचे शिक्षण त्यात येते. त्याच ग्रंथाने नाट्याला सर्व वर्णांसाठी असलेला पाचवा वेद म्हटले. नाटक मूठभरांचे नव्हे, ही दृष्टी त्यामागे होती.

अभ्यासक्रमात दार अगदीच बंद आहे, असे नाही. २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या मराठी युवकभारतीत नाटक हा साहित्यप्रकार समाविष्ट झाला आणि ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’ व ‘सुंदर मी होणार’ यांतील उतारे मुलांसमोर आले. मात्र उतारा बाकावर बसून वाचला आणि प्रश्नोत्तरे वहीत उतरवली, की नाटकाचे नाटकपण हरवते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील कडक भिंती नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वर्षांचे विद्यार्थी ए लेव्हलला ‘नाट्य व रंगभूमी’ हा स्वतंत्र विषय घेऊ शकतात. त्यात साठ टक्के गुण प्रत्यक्ष नाट्यनिर्मिती व सादरीकरणाशी निगडित कामाला आणि चाळीस टक्के लेखी परीक्षेला असतात.

पालकांची शंका रास्त आहे. झाडीपट्टीचा हंगाम आणि बारावीच्या परीक्षेची तयारी एकाच काळात येतात. जागरणे वाढली, तर अभ्यास बुडणारच. म्हणून शाळेतील नाट्याभ्यास जुलैत आरंभून डिसेंबरपूर्वी संपवावा. तालमी दिवसाच, शाळेच्या आवारात आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हाव्यात, म्हणजे मुलींनाही निःशंकपणे भाग घेता येईल.

त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. पहिल्या टप्प्यात पाठ्यपुस्तकातील एक उतारा वर्गातच उभा करावा. दुसऱ्या टप्प्यात मुलांनी आपल्या गावातील वृद्धांकडून दंडारीची कथानके, रेला नृत्यातील गीते, माडिया आणि गोंडी कथा ऐकून लिहून आणाव्यात. तिसऱ्या टप्प्यात त्यांतून अर्ध्या तासाचे एक नाटक सिद्ध करावे. त्यात एका पात्राने माडियात बोलावे, दुसऱ्याने मराठीत उत्तर द्यावे. प्रेक्षकांना ते समजेल. प्रत्येकाने नटच व्हावे, असेही नाही. कोणी प्रकाशयोजना पाहील, कोणी नेपथ्य उभारील, तर कोणी जमाखर्च ठेवील.

ज्यांना पुढे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी १९५९ मध्ये स्थापन झालेले दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र यांसारख्या संस्था आहेत. परंतु तेथील प्रवेशाच्या चाचणीला सामोरे जाण्याइतकी तयारी अकरावी-बारावीतच व्हावी लागते. शहरातल्या मुलाला नाट्यशिबिरे मिळतात. आलापल्लीच्या मुलाला त्याची शाळाच ते देऊ शकते.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हाही हाताशी असलेल्या लोकपरंपरेचा आधार त्यांना मिळाला होता. आलापल्लीच्या परिसरात तो आधार आजही जिवंत आहे. येत्या सत्रात प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने आठवड्यातील दोन तासिका या कार्यासाठी राखून ठेवाव्यात, एवढीच विनंती.