ताटीपाशी उभे राहा



आजच्या सेवेला ताटीच्या अभंगांचा प्रसंग घेतला आहे. कथा तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांनी ज्ञानेश्वर महाराजांना नाही नाही ते बोल ऐकवले. महाराजांच्या मनाला ते लागले. ते झोपडीत गेले आणि ताटी लावून आत बसले. बाहेर कोण? मुक्ताबाई. भावंडांत सगळ्यांत धाकटी. तिनं काय केलं? ताटीला लाथ मारली नाही. "बसू दे, भूक लागली की येईल बाहेर" असं म्हणून निघूनही गेली नाही. ती ताटीपाशी उभी राहिली आणि बोलत राहिली. आतला माणूस मुळात कोण आहे, याची त्याला आठवण देत राहिली. शेवटी ताटी उघडली.

आता कोणी म्हणेल, बुवा, आज हाच प्रसंग का? कारण माउली, आज आपल्या घरांतून ताट्या लागल्या आहेत. काल-परवापर्यंत आईच्या मागे मागे फिरणारं पंधरा-सोळा वर्षांचं पोर एकदम खोलीचं दार लावून बसतं. विचारलं तर अंगावर येतं. माउलींची आणि व्यसनाची तुलना मी करत नाही, तसं मनातही आणू नका. आपल्याला शिकायचं आहे ते मुक्ताबाईंकडून. बंद दारापाशी कसं उभं राहायचं, एवढंच.

पहिली गोष्ट. दार बंद झालं की लगेच "पोरगं वाया गेलं" म्हणू नका. हे वयच तसं आहे. आवाज फुटतो, मिसरूड येतं, आरशापुढं वेळ जातो, आईबापांपेक्षा मित्र जवळचा वाटतो. कधी परीक्षेत मार्क कमी पडलेले असतात, कधी कोणी शाळेत छळत असतं, कधी मन आतून खचलेलं असतं. हे दुखणंही खरंच आहे, त्यालाही विचारपूस लागते.

पण काही खुणा अशा आहेत की त्या एकत्र आल्या, अचानक आल्या आणि गेल्या नाहीत, तर आईबापानं सावध व्हावं. जुने मित्र सुटले, नवे कोण ते सांगत नाही. रात्रभर जागा, दिवसभर झोप. डोळे लाल, अंग उतरलेलं. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा. दप्तरात औषधाची रिकामी पाकिटं, रुमालाला थिनरचा वास. बापाच्या खिशातले पैसे कमी, मग देवघरातलं तांब्याचं तबक नाही. आणि सगळ्यांत मोठी खूण सांगू? ज्यात पोराचा जीव होता, ते सुटतं. पखवाज वाजवणारं पोर पखवाजाकडे बघत नाही. क्रिकेटसाठी जेवण सोडणारं पोर मैदानावर जात नाही. एका खुणेवरून निकाल देऊ नका. पण पाच खुणा दिसत असताना डोळेही मिटू नका.

हे होतं कसं? भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाचं चिंतन केलं की ओढ लागते. ओढीतून हाव, हाव अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मग आठवण जाते, मग बुद्धी जाते आणि माणूस जातो. आता पोराकडे बघा. मित्र म्हणतो, एकदा घेऊन तर बघ. गांजा असेल, व्हाइटनर असेल, एमडीची पूड असेल, झोपेची गोळी असेल. मग तेच डोक्यात. मग पैसे द्या. नाही दिले की आदळआपट. मग "मी कुणाचा मुलगा" हेही आठवत नाही. डॉक्टर सांगतात, मेंदूचा 'थांब' म्हणणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. म्हणजे गाडीला वेग आला, ब्रेक अजून बसायचा आहे. म्हणून कोवळ्या वयात पाय घसरला की तो लवकर खोलात जातो. हा आजार आहे, माउली. पोर नालायक आहे, असा याचा अर्थ नाही.

मग दारापाशी उभं राहून करायचं काय?

नशेत असताना भांडू नका. तेव्हा ऐकणारा घरात नसतोच. सकाळी, शांतपणे, एकट्यात बोला. "तू असा का?" म्हणू नका. "तुझी झोप गेली आहे, तू जेवत नाहीस, मला काळजी वाटते" असं म्हणा. मारू नका, कोंडू नका. गंडेदोरे करणाऱ्याकडे नेऊ नका. पुढं "लग्न लावून दिलं की सुधारेल" म्हणून परक्याची लेक या आगीत ढकलू नका. माळ घालणं चांगलं, पण माळ घातली म्हणून औषध टाळू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या रोजच्या झाल्या असतील, तर एकदम बंद केल्यानं झटके येऊ शकतात. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचं. आणि पोर हलवूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. तिथं अब्रू झाकायला जाल तर पोर गमावाल.

अब्रूवरून सांगतो. बाप म्हणतो, बुवा, लोक काय म्हणतील? पोलिसांत गेलं तर? ऐका. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे. पोराकडे थोडाच माल सापडला असेल आणि ते स्वतःहून उपचाराला आलं, तर त्याला खटल्यापासून वाचवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आणि अठराच्या आतल्या मुलाला जो नशा देतो, त्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत फोन आहे. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर असतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, ते तरुण पोरं गर्दच्या पायी मरताना पाहून. तिथून किती तरी माणसं आपल्या पायांवर घरी गेली.

आणि एकदा बरं झालेलं पोर पुन्हा घसरलं, तर "संपलं" म्हणू नका. पुन्हा दवाखाना, पुन्हा बोलणं. वारीत चालताना पाय मुरगळला, म्हणून पंढरी लांब गेली का? थोडा वेळ बसायचं, पट्टी बांधायची, दिंडी गाठायची.

शेवटची गोष्ट. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारायचे. मीही विचारतो. घरात तंबाखूची पुडी आणायला पोराला कोण पाठवतं? लग्नाच्या वरातीत बाटली कोण फोडतं? पोराच्या ताटीला पहिली काडी कुणी लावली, हे ज्याचं त्यानं आपल्या घरी जाऊन बघावं.

मुक्ताबाईंना दारापाशी उभं राहून कंटाळा आला असता, तर ताटी उघडली नसती. तुमच्या घरी दार बंद असेल, तर आज घरी गेल्यावर नुसतं म्हणा, "बाळा, मी इथंच आहे." उत्तर नाही आलं, तर उद्या पुन्हा म्हणा. आतलं पोर ऐकत असतं, माउली.

रामकृष्ण हरी.