फिरता कॅमेरा आणि आपली दानपेटी

मंडळी, गेल्या वर्षी दानपेटी फुटली आणि आम्ही संशय घेतला मांडववाल्याच्या पोरावर. कॅमेरा होता, पण फिरता. नेमकी त्या वेळी त्याची पेटीकडे पाठ! चोर निघाला दुसराच. आम्ही माफी मागितली, तरी पोरगा यंदा आला नाही.

म्हणून आता पेटीवर स्थिर कॅमेरा आहे. फिरता मांडवासाठी. त्याच्या मोटरला साधा पीओई स्विच पुरेना, ३० वॉटचा घेतला; केबल १०० मीटरच्या आत ठेवली. मूळचा पासवर्ड आधी बदलला. कुणी फिरवून विसरलं, तरी मिनिटाभरात तो मूर्तीकडे वळतो. शेजारच्या काकूंची गॅलरी दिसत होती, तेवढा भाग सेटिंगमधून झाकला. काकूंनी स्वतः मोबाईलवर बघितलं, मगच खांब उभारू दिला.